नागपूरचा आमचा ‘पाव्हणा’: सणासुदीला अख्खं घर ज्याला भेटायला जातं तो इमू

आर्वीकडची सून

आमच्याकडची दिवाळी लक्ष्मीपूजनाला संपत नाही. गायगोधनाला गायी रंगवून, झुली घालून फिरवायच्या, गोवारी मंडळी ढाल घेऊन दारात नाचून जायची, मग भाऊबीजेला नणंदा लेकरंबाळं घेऊन यायच्या. तोवर सोयाबीन घरात आलेलं असतं किंवा विकून झालेलं असतं, सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून कापसाचा पहिला वेचाही झालेला असतो. शेतीच्या वर्षात एवढीच काय ती सगळ्यांना एकत्र सापडणारी फट. त्यात एक दिवस गाडी करून आम्ही नागपूरला जातो. दवाखाना, कापडाचं दुकान, बर्डीच्या बाजारातली गर्दी हे सगळं असतंच, पण गेली काही वर्षं त्या दिवसाचं खरं कारण वेगळं आहे. प्राणीसंग्रहालयातला एक इमू.

प्राणीसंग्रहालयाचं आणि तिथल्या रखवालदार दादांचं नाव लिहीत नाही. त्यांना विचारलेलं नाही आणि न विचारता लिहिणं बरं नव्हे.

आत शिरलं की सगळी गर्दी वाघाकडे पळते. वाघ बहुतेक वेळा झोपलेला असतो. इमूचं कुंपण एका कडेला, कडुनिंबाखाली. पहिल्यांदा तिथे आम्ही थांबलो ते केवळ आमच्या मोठ्या आईचे गुडघे दुखायला लागले म्हणून. मोठी आई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या मोठ्या भावाची बायको. घरातली सगळ्यात वडील बाई. मूलबाळ नाही, भाऊ नाही, भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. ती तिथल्या बाकावर टेकली आणि आम्ही सगळे पुढे गेलो. परत आलो तर हा उंच पक्षी जाळीला लागून उभा, मान वाकडी करून तिच्याकडे बघतोय आणि ती त्याच्याशी बोलतेय. कापसाला काय भाव सुरू आहे, बोंडअळीने यंदा काय केलं, असलं सगळं. उठून ती जाळीच्या कडेकडेने चालायला लागली तसा तोही आतून तिच्या बरोबरीने चालला. थांबली की थांबला.

“कोन गावचा हायेस बाप्पा?” तिने विचारलं. रखवालदार दादा म्हणाले, “मावशी, हा इथचा नाई. याची जात ऑस्ट्रेलियाची.”

“मंग पाव्हणाच झाला,” मोठी आई म्हणाली. तेव्हापासून तो पाव्हणा.

त्या दिवसानंतर दिवाळीला, नाताळच्या सुट्टीत, उन्हाळ्यात, जेव्हा जेव्हा नागपूरचं काम निघतं तेव्हा डोकावणं होतंच. खायला काहीही घालायचं नाही हे दादांनी पहिल्यांदाच बजावलं होतं. म्हणून डबा आम्ही बाहेर बसून खातो (तिखट पुऱ्या, आलूची भाजी, लसणाची चटणी, दिवाळी असली तर अनारसे) आणि हात धुऊन, रिकाम्या हाताने आत जातो. तरी तो येतो. बाकीच्यांजवळ येतो आणि निघून जातो. मोठी आई असली की थांबतो. ती पांढरं लुगडं नेसते, सावकाश हलते, आवाज चढवत नाही. माझ्या मते एवढंच कारण असावं, पण एवढं तरी आमच्यातल्या किती जणांना जमतं?

माझ्या लेकीला तिथेच एक गोष्ट कळली. दादांनी खाली पडलेलं पीस तळहातावर ठेवून दाखवलं. एकाच बुडातून दोन पिसं फुटलेली, दोन्ही सारख्या लांबीची, भुरकट, सुटी सुटी. लांबून बघितलं तर अंगावर पिसं नाहीत, केसच आहेत असं वाटतं ते त्यामुळे. लेकीने घरी येऊन वहीत काढलं आणि शाळेत दाखवलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मागच्या एका नाताळच्या सुट्टीत आम्ही गेलो तर पाव्हणा जाळीजवळ आलाच नाही. मोठी आईने हाक मारली, चालून दाखवलं, काही नाही. कोपऱ्यात गवताच्या ढिगावर मान जमिनीला टेकवून पसरलेला. आम्हाला वाटलं आजारी आहे. मोठी आईचा चेहरा उतरला. दादा आले ते हसतच.

“बसला हाये तो अंड्यायवर. मादी अंडे देऊन मोकळी होते, बसते तो बाप. दोन मयने जवळजवळ काई खात नाई, पीत नाई.”

थोड्या वेळाने तो उठला, चोचीने आणि पायाने अंडी फिरवली आणि परत बसला. तेवढ्यात दिसली. गर्द हिरवी, जवळजवळ काळी, वरून खरबरीत. एकेक अर्ध्या किलोच्या आसपासचं. सात होती.

आमच्या घरात त्या वर्षी धाकट्या जाऊबाईंना बाळ झालेलं. भाऊजी म्हणजे माझे दीर वावरातलं एकही काम सोडणार नाहीत, पण रात्री बाळ रडलं तर कूस बदलायची. मोठी आई भाऊजींकडे वळली आणि म्हणाली, “पाह्य रे, नीट पाह्य. पाखराले समजते.” भाऊजी काही बोलले नाहीत. पण त्या रात्री नणंदेच्या घरी मुक्कामाला होतो, तेव्हा बाळाला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारत होते ते मी बघितलं. अजूनही घेतात, तक्रार न करता. कोणी त्यांचं कौतुक करत नाही, आणि करूही नये. जाऊबाई रोज तेच करतात.

उन्हाळ्यात गेलो तर चार पिल्लं होती, पट्ट्यापट्ट्यांची, आणि पाव्हणा आम्हाला जाळीजवळ फिरकू देईना. मोठी आईलासुद्धा नाही. ती म्हणाली, “बरोबर हाये त्याचं.”

तुमच्यापैकी कोणाच्या घरात असा एखादा प्राणी आहे का, म्हणजे पाळलेला नव्हे, भेटायला जायचा? आणि इमूबद्दल माहिती असणारं कोणी असेल तर नक्की लिहा. लेक रोज नवे प्रश्न विचारते.

पुसदचा पोट्टा

ताई, वाचून काळजात कालवलं, कारण आमच्या मामांकडे इमू होते. प्राणीसंग्रहालयात नाही, वावरात.

आठवत असेल, त्या काळात इमूची लाट आली होती. कंपनीचे लोक गावोगाव यायचे, मंगल कार्यालयात चहापाणी, पडद्यावर चित्रं. पिल्लांच्या जोड्या घ्या, अंडी आम्ही घेऊ, पक्षी आम्ही घेऊ, तेलाला परदेशात मागणी आहे. मामांनी कर्ज काढून जोड्या आणल्या. सहा फुटी जाळीचं कुंपण घातलं, अंडी उबवायचं मशीन घेतलं. तेव्हा आपल्याकडे भारनियमन किती होतं ते आठवा. मशीनला पन्नासेक दिवस एकसारखी ऊब लागते आणि आपल्याकडे दिवसातले कित्येक तास लाइन नाही. अंडी आतल्या आत सडायची. तरी जेवढी पिल्लं निघाली तेवढी वाढली, आणि नेमकं तेव्हाच कंपनीचा फोन लागेनासा झाला. ऑफिसला कुलूप. तामिळनाडूत इरोडकडे २०१२ साली एक मोठी इमू कंपनी बुडाली, हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या. आपल्याकडचे गावोगावचे लोकही तसेच अडकले.

खाद्य परवडेना. काही लोकांनी रात्री टेम्पोत घालून पक्षी जंगलाच्या कडेला सोडून दिले. मामांनी सोडले नाहीत. म्हणाले, याले इथली वाट ठाऊक नाई, कुत्रे फाडतील. तुरीची चुरी, शेवग्याचा पाला, घरातलं उरलंसुरलं, जे जमेल ते घातलं आणि एकेक मरेपर्यंत सांभाळला. शेवटची मादी बरीच वर्षं जगली. मामी अंगणात भांडी घासायला बसली की ती येऊन शेजारी उभी राहायची. मशीन अजून बकऱ्यांच्या कोठ्यात आहे, मामी त्यात बियाणं ठेवते, उंदीर लागत नाहीत.

कर्ज फिटायला फार दिवस लागले. मामांसमोर अजूनही कोणी इमूचं नाव काढत नाही. तुमचा धागा मात्र मामीला वाचून दाखवणार आहे.

जनावरांचा डॉक्टर, अकोला

सूनबाई, लेकीसाठी लिहितो.

इमू उंचीने शहामृगाच्या खालोखाल, जगात दुसरा. उभा राहिला तर सहा फुटांपर्यंत जातो. उडता येत नाही, पण ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास पळतो. शहामृगाच्या पायाला दोन बोटं, इमूच्या पायाला तीन, ही सोपी खूण तिला सांगा. ऑस्ट्रेलियाच्या राजचिन्हावर एका बाजूला कांगारू आणि दुसऱ्या बाजूला हाच असतो.

नर-मादी दिसायला सारखेच, आवाजावरून ओळखायचे. मादीच्या गळ्यात हवेची पिशवी असते, ती फुगवून घुमते. रिकाम्या कोठीवर थाप मारावी तसा आवाज, लांबपर्यंत जातो. नर नुसता घुरघुरतो. आपल्याकडे अंड्यांचा हंगाम हिवाळ्यात, साधारण ऑक्टोबरपासून पुढे, म्हणजे नेमकी तुमची दिवाळी-नाताळ. दिवाळीत गेलात तर घुमणं ऐकू येईल.

नर आठ आठवडे बसतो. अंगातल्या चरबीवर जगतो, वजन एक तृतीयांशाने कमी होऊ शकतं. दिवसातून दहा-एक वेळा उठून अंडी फिरवतो. पिल्लं निघाल्यावर पाच-सहा महिने तोच सांभाळतो आणि त्या काळात अंगावर धावून येतो. त्याची लाथ साधी नसते, तेव्हा तुमच्या मोठ्या आई मागे राहिल्या ते फार शहाणपणाचं झालं. पिल्लांचे पट्टे तीनेक महिन्यांत जातात.

आता एक कळकळीची विनंती, सगळ्यांनाच. इमू चमकणारी वस्तू दिसली की गिळतो. खिळा, नाणं, काच, किल्ली, बांगडीचा तुकडा, काहीही. पोटात अन्न दळायला दगड लागतात म्हणून गिळायची सवय असते, त्यात हे जातं. जाळीजवळ जाताना कानातलं, गळ्यातलं सांभाळा आणि लेकरांच्या हातात नाणी देऊ नका. एका पक्ष्याच्या पोटातून मी स्वतः तारेचे तुकडे आणि बाटलीची झाकणं काढली आहेत. तो वाचला नाही. खायला घालणं, चिडवणं, कचरा टाकणं हे तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८-जे कलमाखाली प्राणीसंग्रहालयात गुन्हाच आहे.

वाशीमचा शेतकरी

डॉक्टरसाहेब, राजचिन्हावर ठेवलेल्या याच पक्ष्यावर त्या देशाने मशीनगन चालवली होती. १९३२ सालची गोष्ट. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनी दिल्या, त्यांनी गहू पेरला. तिकडे गव्हाचे भाव पडलेले, त्यात दुष्काळ, आणि वीसेक हजार इमू उभ्या पिकात शिरले. शेतकऱ्यांनी सरकारकडे धाव घेतली, सरकारने सैन्य पाठवलं, दोन लुईस गन घेऊन. कळप बघता बघता पांगायचे, गोळ्या वाया जायच्या. महिन्याभराच्या आत-बाहेर मोहीम गुंडाळली. पुढे मारल्या पक्ष्यामागे बक्षीस आणि लांबच लांब कुंपण, हेच चाललं.

मी हे वाचलं तेव्हा मला पक्ष्याचीही दया आली आणि त्या शेतकऱ्यांचीही. आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं. हरभरा घाट्यावर आला की रात्रभर मचाणावर. सकाळी बघावं तर अर्धं वावर तुडवलेलं. ताईंनी प्रेमाने लिहिलंय, ते मला पटलं, पण शहरातले लोक प्राण्यांवर प्रेम करा म्हणतात तेव्हा या रात्री त्यांना माहीत नसतात. माझा नातू प्राणीसंग्रहालयात रोह्याला बघून टाळ्या वाजवतो. मी त्याला काही म्हणत नाही. वाजवू दे. नुकसानभरपाईचा अर्ज मी भरतो, टाळ्या त्याने वाजवाव्यात.

आर्वीकडची सून

वाशीमचे भाऊ, आम्हीही मचाणावरचेच. आमच्याकडे तुरीत रोही असतात. म्हणून तुमचं शेवटचं वाक्य आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते.

पुसदचे दादा, मामींना माझा नमस्कार सांगा. आमच्या तालुक्यातही ती जाळीची कुंपणं उभी राहिलेली मला आठवतात. मोठी आईला तुमच्या मामांचं सांगितलं. ती म्हणाली, “सोडले नाई ना त्यानं? मंग तो मानूस भला.”

डॉक्टर, खूप खूप आभार. लेकीने तीन बोटं वहीत काढून ठेवली.

संत्रानगरीची

मी जन्माने नागपूरचीच. महाराजबाग आमच्या लहानपणाचा भाग. भोसल्यांची बाग, १८९४ पासूनचं प्राणीसंग्रहालय, कृषी महाविद्यालयाच्या आवारात. रविवारी बाबा सायकलवर न्यायचे. आता गोरेवाडाही झालंय, २०२१ च्या प्रजासत्ताक दिनापासून तिथली सफारी सुरू आहे. बसमधून अस्वलं, बिबटे बघायला मिळतात.

पण ताई, एक विचारते, राग मानू नका. जाळीच्या आत आयुष्य काढणाऱ्या पक्ष्याशी आपली मैत्री झाली असं म्हणणं मला जड जातं. त्याला जायला जागाच नाही, मग तो आपल्याजवळ येतो यात त्याची मर्जी किती? डॉक्टरांचंही मत वाचायला आवडेल.

जनावरांचा डॉक्टर, अकोला

प्रश्न रास्त आहे. इमू मुळातच चौकस. मोकळ्या रानातसुद्धा तो माणसाच्या मागे मागे येतो. ऑस्ट्रेलियातले आदिवासी शिकारी याच स्वभावाचा उपयोग करायचे. पिसांचा आणि चिंध्यांचा गोळा झाडाला टांगून ठेवायचा, इमू बघायला येणारच. तेव्हा जाळीजवळ येणं हे नुसतं बंदिवासामुळे होतं असं नाही.

सोडून द्यायचं म्हटलं तर कुठे? आपल्या रानातला तो नाही. पुसदकरांच्या मामांना जे कळलं तेच खरं आहे. जे पक्षी इथे आणले गेले त्यांना सांभाळणं एवढंच आपल्या हातात उरलेलं आहे. कुंपण मोठं असावं, सावली असावी, उन्हाळ्यात पाणी असावं, सोबत असावी. हे सगळं मागायचा हक्क तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला आहे आणि तो वापरावा. इमूला पाणी फार आवडतं. नागपूरच्या मे महिन्यात पाइपने पाणी मारलं की ओल्या मातीत चक्क लोळतात.

आर्वीकडची सून

राग कसला हो. मीही याचा खूप विचार केला आहे. त्याचं आमच्यावर प्रेम आहे असं मी कधी म्हणणार नाही. त्याला बघायचं असतं म्हणून तो येतो, नसतं तेव्हा येत नाही, आणि तो आला नाही तर आम्ही हाका मारत बसत नाही. माझ्या लेखी मैत्री आहे ती आमच्या बाजूने. म्हणजे असं की, मागच्या उन्हाळ्यात त्याच्या कुंपणातलं पाण्याचं टाकं फुटलेलं होतं. मोठी आईने ते बघितलं आणि भाऊजींना कार्यालयात पाठवून वहीत लिहायला लावलं. पुढच्या खेपेला टाकं दुरुस्त झालेलं होतं. आमच्या लिहिण्याने झालं की त्यांनी आधीच ठरवलं होतं, देव जाणे. पण दरवेळी जाणाऱ्या माणसाला फुटलेलं टाकं दिसतं, एकदाच जाणाऱ्याला वाघ दिसतो. मी म्हणते, ज्याला जमेल त्याने एखादा असा प्राणी धरावा ज्याच्यापुढे गर्दी नसते. कासव, साळींदर, घुबड, कोणीही.

भामरागडहून

धाग्यात उशिरा आलो, नेट नव्हतं.

आमच्या भागात हेमलकसा आहे, तिथलं प्राण्यांचं अनाथालय सगळ्यांना ऐकून माहीत असेल. १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकारीत आई मेलेली पिल्लं माडिया आदिवासी लोक डॉ. प्रकाश आमट्यांकडे आणून द्यायला लागले आणि त्यातून ते उभं राहिलं. भूक म्हणून शिकार करणारा माणूसच पिल्लू उचलून दवाखान्यात आणून देतो, हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. त्या पिल्लाला मग आश्रमशाळेची पोरं बघायला जायची. मी त्यातलाच एक. माझं दैवत एक तरस होतं. पुढचे पाय उंच, मागचे बुटके, पाठ उतरती. आमच्या घरी आजी म्हणायची तरस बघितलं की वाईट होतं. मी रोज बघायचो. दहावी पास झालो, नोकरीला लागलो, काहीच वाईट झालं नाही. सुट्टीला घरी आलो की अजून आधी तिकडे जातो. माझं तरस केव्हाच गेलं. दुसरे प्राणी आहेत.

पुसदचा पोट्टा

मामीला वाचून दाखवलं. मामाही ओट्यावर बसले होते, उठून गेले नाहीत. शेवटी मामीने एवढंच विचारलं, त्या नागपूरच्याले पिवळी चोच हाय का काळी? आमच्या मादीची काळी होती.

ताई, दिवाळीत मी त्यांना दोघांनाही घेऊन नागपूरला यायचं म्हणतोय. सकाळी गेलेलं बरं का दुपारी?

आर्वीकडची सून

काळीच आहे, मामींना सांगा. सकाळी, दार उघडल्या उघडल्या या. ऊन चढलं की तो कडुनिंबाखाली बसून राहतो. सोमवार टाळा, सहसा बंद असतं. आम्ही भाऊबीजेनंतर जाऊ, दिवस ठरला की तुम्हाला कळवते. डबा आमच्याकडून, पुऱ्या जास्त करून आणू.

डॉक्टर, मोठी आईचे दोन प्रश्न आहेत. इमू किती वर्षं जगतो? आणि ती चार पिल्लं मोठी झाल्यावर दुसरीकडे पाठवतील का? पाठवली तर कुठे, हे आपल्याला कळेल का?

जनावरांचा डॉक्टर, अकोला

रानात दहा ते वीस वर्षं. नीट सांभाळला तर वीसच्या पुढेही जातो. पिल्लं दुसऱ्या प्राणीसंग्रहालयात जाऊ शकतात. प्राण्यांची अशी देवाणघेवाण केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या परवानगीने होते, कागद लागतात, त्यामुळे वेळ जातो. कुठे गेली ते कार्यालयात विचारा, नोंद असतेच. मोठ्या आईंना सांगा, बेधडक विचारा.